खिमा घरचा, घास सगळ्यांचा

लखनौच्या गलौटी कबाबामागे एक दंतकथा आहे, आणि ती खरोखरच दातांची आहे. अवधच्या एका नवाबाचे म्हातारपणी दात पडले. मांसाची आवड मात्र काही केल्या सुटेना. तेव्हा त्यानं आपल्या खानसाम्यांना हुकूम सोडला, की चावावाच लागणार नाही असा कबाब करा. खानसाम्यांनी मटण इतकं वाटलं, इतकं घोटलं, की ते जिभेवर ठेवताच विरघळू लागलं. या नवाबाचं नाव सांगणाऱ्यागणिक बदलतं, त्यामुळे ही गोष्ट इतिहास म्हणून सांगता येत नाही. पण आपल्या सगळ्यांत लाडक्या पदार्थाचा जन्म एका म्हाताऱ्याच्या अडचणीतून झाला, असं हे शहर आजही मोठ्या कौतुकानं सांगतं.

दुसरी गोष्ट मात्र अलीकडची आहे. हाजी मुराद अली यांनी १९०५ साली लखनौच्या जुन्या चौक भागात कबाबांचं दुकान काढलं. त्यांना एकच हात होता. पतंग उडवताना छपरावरून पडून दुसरा गेला, असं म्हणतात. थोट्या माणसाला तिकडे 'टुंडा' म्हणतात, म्हणून दुकानाचं नाव पडलं 'टुंडे कबाबी'. आज हे नाव देशभर ठाऊक आहे. २०२५ साली युनेस्कोनं खाद्यसंस्कृतीसाठी निवडलेल्या सर्जनशील शहरांत लखनौचा समावेश केला.

खाणाऱ्याला दात नाहीत आणि करणाऱ्याला एक हात नाही, तरीही घास असा, की शंभर वर्षं त्याची वाखाणणी होत राहावी! मांस बारीक करणाऱ्या घरगुती यंत्रांचा विचार करताना या दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. यंत्र घ्यायचं ते घरात कुणाला काय कमी पडतं, हे पाहून.

घरोघरी एक नवाब

समजा, नवऱ्याच्या बदलीमुळे एखादी मराठी सून लखनौला राहायला आली आहे. बरोबर सासू-सासरे आहेत. सासरे एके काळचे खाण्याचे शौकीन. रविवारचं मटण म्हणजे त्यांचा सण. पण कवळी बसवल्यापासून ते रश्श्यात भाकरी कुस्करून खातात आणि फोडी हळूच ताटाच्या कडेला सारतात. विचारलं तर म्हणतात, "आता या वयात मटण नको वाटतं गं." सुनेला ते खरं वाटतं. सासूबाईंना मात्र ठाऊक असतं, की नकोसं झालंय ते मटण नव्हे, चावणं.

अशी घरं कोल्हापुरात आहेत, नागपुरात आहेत, ठाण्यात आहेत. दात गेले की माणूस एकेक पदार्थ सोडत जातो. आधी मटण, मग शेंगदाणे, काकडी, कडक भाकरी. शेवटी उरतात मऊ भात आणि चहात बुडवलेली बिस्किटं. घरच्यांना वाटतं, वयोमानाप्रमाणे खाणं कमी झालं. पण वाढत्या वयात स्नायू झिजतात आणि शरीराला लागणाऱ्या प्रथिनांची गरज काही कमी होत नाही. आपल्याला चावत नाही, हे सांगण्याचा संकोच मोठा असतो. मग एखादं व्रत धरलं, पोट बरं नाही, आवड उरली नाही, अशी कारणं पुढे केली जातात.

या माणसांसाठी खिमा हे उत्तर आहे, आणि तो घरी केला तर अधिक चांगलं उत्तर आहे. किती बारीक करायचा, किती चरबी ठेवायची, किती तिखट घालायचं, हे खाणाऱ्याचं तोंड पाहून ठरवता येतं. दूध-दातांच्या लहान मुलाला मिठाविना, तिखटाविना वेगळा काढता येतो. दाढ काढून घरी बसलेल्या माणसालाही चार दिवस तोच कामी येतो.

पाट्यावरचे खांदे

लखनौच्या घरांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या 'सिल-बट्ट्या'वर, म्हणजे आपल्या पाट्या-वरवंट्यावर झालं. नवाबांच्या मुदपाकखान्यात त्यासाठी पगारी माणसं होती. साध्या घरांत ते घरच्या बायकांनीच केलं. अर्धा किलो मटण गुळगुळीत होईपर्यंत पाट्यावर वाटणं म्हणजे काय, हे ज्यांनी कधी पुरणाची डाळसुद्धा वाटली आहे त्यांना सांगायला नको. खांदे भरून येतात, मनगटं सुजतात आणि पाहुणे तारीफ करतात ती मसाल्याची!

हे केवळ आपल्याकडचं नाही. लेबनॉनमध्ये किब्बे नावाचा पदार्थ करतात. त्यासाठी बायका मोठ्या दगडी उखळात मांस लाकडी मुसळानं कुटत. पुढे विजेवर चालणारा फूड प्रोसेसर आला, तेव्हा तिथल्या घरांनी तो आनंदानं स्वीकारला.

आपल्याकडे हे ओझं उतरवलं ते मिक्सरनं, आणि त्याचं मोठं श्रेय मुंबईला जातं. सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्स कंपनीतले अभियंते. त्यांच्या घरातल्या परदेशी मिक्सरला भारतीय वाटणघाटण झेपलं नाही आणि त्याची मोटर जळाली. पत्नी माधुरी माथुर यांच्या स्वयंपाकघरातली ही अडचण सोडवताना दणकट मोटरचा मिक्सर तयार झाला. १९६३ साली 'सुमीत' बाजारात आला आणि इडलीचं पीठ, ओल्या नारळाचं वाटण, कोरडी चटणी या सगळ्यांतून बायकांचे खांदे मोकळे होऊ लागले. लखनौत त्याच भांड्यात मटणही पडू लागलं.

विकतचा खिमा का नको?

मटणाच्या दुकानात खिमा तयार मिळतो, तर हा खटाटोप कशाला, असं कुणीही विचारील. त्याची कारणं सरळ आहेत.

पहिलं कारण असं, की अख्ख्या तुकड्यात जे डोळ्यांना दिसतं ते खिम्यात दिसत नाही. शिरा, पांढरे पडदे, जास्तीची चरबी, आदल्या दिवशीचं उरलेलं मटण, सगळं एकदा यंत्रातून गेलं की एकाच रंगाचं होतं. सगळेच दुकानदार असं करतात असं नाही. पण गिऱ्हाइकाला पारखण्याची सोय राहत नाही, हे खरं.

दुसरं कारण आरोग्याचं आहे. मांसाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू असले तर ते बहुधा वरच्या भागावर असतात आणि तव्याचा चटका बसला की मरतात. खिमा करताना हा वरचा भागच आत मिसळला जातो. अमेरिकेत १९९३ साली अर्धकच्च्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय जंतूंची लागण होऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. त्यानंतर खिमा आतपर्यंत, म्हणजे ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजलाच पाहिजे, हा नियम तिथल्या घराघरांत पोहोचला. दुकानातल्या यंत्रातून दिवसभर किती जणांचं मटण गेलं आणि ते यंत्र केव्हा धुतलं, हे आपल्याला कळत नाही. घरचं यंत्र आपण धुतलेलं असतं.

तिसरी गोष्ट लखनौनं अनुभवली आहे. मार्च २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात बेकायदा कत्तलखान्यांविरुद्ध सरकारी मोहीम सुरू झाली आणि शहरातला मांसाचा पुरवठा एकाएकी आटला. म्हशीच्या मांसाचे कबाब करणाऱ्या चौकातल्या टुंडे कबाबीला एक दिवस दुकान बंद ठेवावं लागलं. मग काही काळ कोंबडीच्या आणि बकऱ्याच्या मांसावर वेळ भागवावी लागली. त्या मोहिमेबद्दल मतं अनेक असतील. पण बाजारावर विसंबलेली चव एका दिवसात हातची जाऊ शकते, हे तेव्हा दिसलं. ज्या घरांत कबाब करायची रीत टिकून असते, तिथे मिळेल त्या मांसाचा कबाब तरी होतो.

म्हणून आपली सून दुकानात जाऊन म्हणते, "भाईसाहब, रानाचं द्या, पण खिमा करू नका. हाडं काढून अख्खं द्या." रान म्हणजे मागची मांडी. दुकानदार जुन्या लखनवी रीतीचा असेल तर रागावत नाही. उलट विचारतो, "घर में पीसिएगा बहनजी? तो झिल्ली निकाल देता हूँ." झिल्ली म्हणजे तो पांढरा पडदा. तो दुकानातच सुरीनं काढून घेतला, की घरातलं निम्मं काम सोपं होतं.

मिक्सरला सांभाळून घ्या

"आई, मिक्सरला जमेल ना हे?" असं सुनेनं विचारलं तर सासूबाईंनी द्यावं असं उत्तर एकच आहे, "जमेल, पण घाई केलीस तर लगदा होईल."

मिक्सरचं पातं अतिशय वेगानं फिरतं. वेगानं उष्णता निर्माण होते, चरबी वितळते आणि मांस कापलं जाण्याऐवजी चेचलं जातं. असा खिमा तव्यावर पाणी सोडतो आणि कबाब तुटतात. त्यावर उपाय सोपे आहेत.

मटणाचे साधारण दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. ते ताटात एकेक वेगळे पसरून वीस ते तीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवावेत. वरून कडक आणि आतून मऊ, इतपतच गार हवेत. दगडासारखे गोठलेले तुकडे घातले तर पातं मोडेल. मिक्सरचं भांडंही गार करून घ्यावं. एका वेळी दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त मटण घालू नये. बटण सरळ फिरवून यंत्र चालू ठेवण्याऐवजी उलट बाजूला तीन-चार सेकंदच दाबावं, सोडावं, भांडं हलवावं, पुन्हा दाबावं. पाच-सहा वेळा असं केलं की भरड खिमा होतो, दहा-बारा वेळा केलं की बारीक. पाणी घालायचा मोह टाळावा. मोटर गरम झाल्याचा वास आला तर थांबावं. मिक्सर आपोआप बंद पडला तर घाबरू नये. तो थंड होऊ द्यावा आणि तळाशी असलेलं छोटं बटण दाबून पुन्हा चालू करावा.

फूड प्रोसेसर घरात असेल तर त्याचं रुंद भांडं या कामाला अधिक बरं. मांस तळाशी अडकून बसत नाही आणि खिमा एकसारखा होतो.

हातानं फिरवायचं यंत्र

टेबलाच्या कडेला पेचानं आवळून बसवायचं, वरून तुकडे टाकायचे आणि मूठ फिरवायची, असं लोखंडी यंत्र काही घरांत माळ्यावर पडलेलं असतं. ते खाली काढावं. खिम्यासाठी इतकं साधं आणि चांगलं साधन दुसरं नाही. आतला मळसूत्रासारखा दांडा मटण पुढे ढकलतो, चार पात्यांचं चक्र ते कापतं आणि भोकांच्या चकतीतून खिमा बाहेर पडतो. मटण फार तापत नाही. उन्हाळ्यात लखनौचा पारा चाळिशी ओलांडतो आणि वीजही जाते, तेव्हा हे यंत्र बिनविजेचं चालतं.

एक काळजी घ्यावी. पात्याची सपाट बाजू चकतीकडे हवी. ती उलटी बसली तर मटण कापलं न जाता पिळलं जातं, आणि मग यंत्रच वाईट म्हणून ते पुन्हा माळ्यावर जातं. मध्येच खिमा बाहेर यायचा थांबला तर पात्याला शीर गुंडाळली गेली असं समजावं आणि उघडून साफ करावं. मटण आत ढकलायला लाकडी दांडा वापरावा, बोट कधीही नाही. विजेचं यंत्र असेल तर प्लग काढल्याशिवाय पात्याला हात लावू नये.

मोठ्या भोकांच्या चकतीतून एकदा काढलेला खिमा मटार घालून सुका करायला छान. बारीक चकतीतून दोनदा काढलेला गलौटीसाठी.

पातळ कापायचं असेल तर

लखनौमध्ये पसंदेही आवडीनं खातात. मांडीच्या मटणाचे पातळ काप सुरीच्या पाठीनं ठोकून पसरट करायचे, मसाल्यात मुरवायचे आणि मंद आचेवर शिजवायचे. घरी पातळ काप काढायचं गुपित पुन्हा फ्रीझरच आहे. अर्धवट गोठलेला तुकडा हलत नाही, त्यामुळे धारदार सुरीनं तीन-चार मिलिमीटरचे काप सहज निघतात. मांसाचे धागे ज्या दिशेनं जातात त्याच्या आडवं कापावं. धागे आखूड झाले की चावायला सोपे जातात. धाग्यांच्या दिशेनंच कापलेला तुकडा कितीही शिजवला तरी दातांत अडकतो. कवळी लावणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. गोल पात्याचं विजेचं स्लाइसर यासाठी विकत घ्यायची गरज नाही. महिन्यातून दोनदा लागणाऱ्या कापांसाठी एक चांगली सुरी पुरते.

सुरुवात शामीपासून

पहिल्याच दिवशी गलौटीचा हट्ट धरू नये. शामी कबाबापासून सुरुवात करावी, कारण त्यात मटण आधी शिजतं आणि मग वाटलं जातं. अर्धा किलो बिनहाडाच्या मटणाला शंभर ग्रॅम भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कांदा, आलं, लसूण, सुक्या मिरच्या, दालचिनी, वेलदोडा, मिरी आणि अगदी थोडं पाणी घालून कुकरमध्ये मऊ शिजवावं. राहिलेलं पाणी आचेवर पूर्ण आटवावं. गार झाल्यावर मिक्सरमधून कोरडंच वाटावं. कोथिंबीर, पुदिना, लिंबू घालून चपटे कबाब थापावेत आणि थोड्या तुपावर दोन्ही बाजूंनी परतावेत. मिक्सरलाही त्रास नाही आणि खाणाऱ्याच्या दातांनाही नाही. ज्यांना खिमा पॅटिस ठाऊक आहे, त्या मराठी हातांना हे अवघड नाही.

हे जमलं की गलौटी. अर्धा किलो अगदी बारीक खिम्याला कच्च्या पपईचा दोन लहान चमचे वाटलेला गर, तळलेल्या कांद्याचं वाटण, मसाला, तूप आणि बांधणीला डाळ्याचं पीठ. पपईतला पपेन नावाचा घटक मांसाचे धागे सैल करतो. तास-दीड तास पुरे. रात्रभर ठेवलं तर खिमा पिठासारखा होतो आणि त्याची चवही जाते.

दोन दिवसांच्या आत

खिमा केला की शक्यतो त्याच दिवशी शिजवावा. ठेवायचाच तर फ्रिजमध्ये चार अंशांच्या आसपास, एक-दोन दिवसच. जास्त दिवस हवा असेल तर लगेच छोट्या चपट्या पुड्या करून गोठवावा. त्या खालच्या कप्प्यात ठेवूनच सुट्या कराव्यात. ओट्यावर ठेवून वितळवू नयेत आणि एकदा ओट्यावर वितळलेला खिमा परत गोठवू नये.

ज्या घरांत सोमवार, गुरुवार किंवा श्रावण पाळतात, तिथे मिक्सरचं वेगळं भांडं ठेवलं तर कुणाचं मन दुखत नाही. भांडं साबणाच्या गरम पाण्यानं लगेच धुवावं. झाकणाची रबरी कडी काढून तिच्याखाली अडकलेले कण साफ करावेत. हाताच्या यंत्राचे भाग धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि तेलाचं बोट फिरवून ठेवावेत, म्हणजे गंजत नाहीत.

मूठ कुणी फिरवायची?

यंत्र आलं म्हणजे काम संपलं असं मात्र होत नाही. खरेदी, कापणं, धुणं, पुसणं हे पूर्वी पाट्यावर बसणाऱ्या बाईकडेच राहिलं, तर तिचे खांदे वाचले तरी तिची सकाळ वाचत नाही. यंत्रानं काम सोपं केलं आहे, तर ते आता घरातल्या कुणालाही करता येतं. लेक करू शकते, मुलगा करू शकतो, रविवारी वर्तमानपत्र घेऊन बसलेला नवराही करू शकतो.

आणि सासरेही. टेबलाला यंत्र बसवून दिलं, समोर खुर्ची ठेवली, की सत्तरी उलटलेला माणूसही आरामात मूठ फिरवतो. ज्याला वर्षानुवर्षं ताटाच्या कडेला फोडी सारताना ओशाळं वाटत होतं, तो आता "अजून एकदा काढू का बारीक चकतीतून?" असं विचारतो. आपल्याला किती मऊ हवं, हे त्याला कुणापुढे कबूल करावं लागत नाही. ते तो स्वतःच्या हातानं ठरवतो. नवाबाला त्यासाठी खानसाम्यांना हुकूम सोडावा लागला होता.